गिरगाव: वाड्या, चाळी आणि तिथले बालपण

मलबार टेकडीच्या पूर्वेला, समुद्राला पाठ टेकून गिरगाव वसले आहे. पश्चिमेला चर्नी रोड स्थानक आणि चौपाटी, दक्षिणेला ठाकूरद्वार नाका व पुढे धोबी तलाव, पूर्वेला भुलेश्वर-काळबादेवीचा बाजार आणि उत्तरेला प्रार्थना समाजाचा चौक, अशी त्याची ढोबळ हद्द सांगता येते. दक्षिणोत्तर जाणारे दोन रस्ते हे त्याचे कणे. एक जगन्नाथ शंकरशेट मार्ग, म्हणजे जुना गिरगाव रोड, आणि दुसरा विठ्ठलभाई पटेल मार्ग, म्हणजे जुना गिरगाव बॅक रोड. रस्त्यावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला दुकाने, देवळे आणि जुन्या इमारतींच्या दर्शनी बाजू तेवढ्या दिसतात. गिरगावची वस्ती आहे ती या रस्त्यांच्या आत, वाड्यांमध्ये. त्यामुळे इथला प्रवास बोळात शिरल्याशिवाय सुरू होत नाही. प्रस्तुत लेखकाचे बालपण यांतल्याच एका वाडीत गेले. पुढचे वर्णन त्या आठवणी आणि या भागाचा नोंदलेला इतिहास यांच्या आधारे केले आहे.

बागाईत ते वस्ती

मुंबईची बेटे १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली. त्या काळी कंपनीचे शहर कोटाच्या आत होते. गिरगाव कोटाबाहेरचे एक खेडे होते. टेकडीच्या पायथ्याशी नारळीच्या बागा, आमराया आणि भातखाचरे, किनाऱ्याला कोळ्यांची होडकी, अशी त्याची रचना होती. पाठारे प्रभू, पाचकळशी, भंडारी, कोळी आणि ख्रिस्ती झालेले मूळ रहिवासी, म्हणजे आजचे ईस्ट इंडियन, यांची ही जुनी वस्ती. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे त्या बागाईत काळापासून टिकून आहेत.

फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली. तिच्यानंतर कोटाबाहेर वस्ती वाढवण्याला वेग आला आणि काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव या दिशेने शहर सरकू लागले. बागांचे मालक जमिनीचे तुकडे भाड्याने किंवा विकत देऊ लागले. ज्या मालकाची बाग, त्याचे किंवा तिथल्या झाडाचे नाव वस्तीला मिळाले. आगगाडी आली, कापड गिरण्या उभ्या राहिल्या, सरकारी कचेऱ्या आणि व्यापारी पेढ्या वाढल्या. या सगळ्यांना कारकून, शिक्षक, मुद्रक, दुकानदार हवे होते. कोकणातून, गोव्यातून आणि देशावरून आलेला हा नोकरदार वर्ग कोटापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, म्हणजे गिरगावात, राहू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बागांच्या जागी चाळी उभ्या होत्या.

या बदलाच्या काळातले गिरगावचे सर्वांत मोठे नाव जगन्नाथ शंकरशेट यांचे. १८०३ मध्ये जन्मलेले आणि १८६५ मध्ये निवर्तलेले नाना शंकरशेट गिरगावातल्या आपल्या वाड्यातून मुंबईच्या सार्वजनिक जीवनाची सूत्रे हलवत. शाळा, बाँबे असोसिएशन आणि पहिली आगगाडी या सगळ्या कामांत त्यांचा हात होता. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा नानांनी स्वतःच्या वाड्यातली जागा दिली. मुलींना शिकवणे हे पाप मानणारे लोक त्यांच्याच ज्ञातीत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. जवळच्या सोनापूरची स्मशानभूमी हलवण्याचा बेत झाला तेव्हाही गरिबांना प्रेते लांब न्यावी लागू नयेत म्हणून ते उभे राहिले. गिरगावच्या मुख्य रस्त्याला त्यांचे नाव आहे ते या ऋणापोटी.

वाडी आणि चाळ

वाडी ही गिरगावच्या वस्तीची मूळ घडण आहे. रस्त्यावरून एक अरुंद तोंड आत जाते, त्याच्या दोन्ही बाजूंना किंवा तिन्ही बाजूंना दोन-तीन-चार मजली चाळी असतात आणि मध्ये मोकळी जागा राहते. त्या जागेत विहीर, पार, तुळशीवृंदावन किंवा लहानसे देऊळ असते. काही वाड्या एका रस्त्यावर शिरून दुसऱ्या रस्त्यावर निघतात. काहींना मात्र एकच तोंड असते. त्यामुळे वाडीत बाहेरचा माणूस आला की तो लगेच ओळखू येतो आणि लहान मूल एकटे खेळत असले तरी कोणाला चिंता वाटत नाही.

चाळीची बांधणी ठरलेली असे. सागवानी खांब व तुळया, विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौले, प्रत्येक मजल्यावर लांबच लांब लाकडी कठड्याची गॅलरी आणि तिच्यावर ओळीने उघडणारी बिऱ्हाडे. बिऱ्हाड म्हणजे साधारणतः दोन खोल्या. बाहेरची बसायची-झोपायची, आतली स्वयंपाकाची, आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी. सामान ठेवायला पोटमाळा, भिंतीत फडताळ. संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक. नळाला पाणी पहाटे येई, तेव्हा चाळ जागी होई. पिंप, हंडे, कळशा भरून झाल्या की बायकांचा उरलेला दिवस त्या पाण्याच्या हिशेबाने चाले.

एवढ्या जागेत सात-आठ माणसे राहत. गावाकडून शिकायला आलेला पुतण्या, नोकरी शोधायला आलेला मेहुणा, औषधपाण्यासाठी आलेली मावशी, यांच्यासाठी जागा निघत असे, कारण रात्री पुरुष आणि मुले वळकट्या घेऊन गॅलरीत, गच्चीत किंवा वाडीच्या पारावर झोपत. घराच्या भिंती चार, पण घराची हद्द वाडीच्या तोंडापर्यंत होती. गिरगावातल्या माणसांच्या स्वभावाचा, त्यांच्या सणांचा आणि संस्थांचा उलगडा या एका गोष्टीतून होतो. खोली लहान असल्याने जगण्याचा मोठा भाग सगळ्यांसमोर, सगळ्यांबरोबर पार पडत असे.

ठाकूरद्वारपासून उत्तरेकडे

गिरगाव पाहायला निघालेल्याने ठाकूरद्वार नाक्यापासून सुरुवात करावी. नाक्याजवळ झावबावाडी आहे. तिथल्या झावबांच्या राममंदिरात रामनवमीचा उत्सव थाटाने होतो. जवळच्या फणसवाडीत दाक्षिणात्य शैलीच्या गोपुराचे बालाजी मंदिर आहे. मराठी चाळींच्या मध्ये उभे असलेले ते गोपूर या वस्तीची मिश्र घडण दाखवते. गिरगाव मराठी म्हणून ओळखले जात असले तरी गुजराती, ईस्ट इंडियन, गोवेकर आणि दाक्षिणात्य कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची शाखा ठाकूरद्वारला आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पुस्तकांना जागा नसे आणि ती विकत घेण्याची ऐपतही थोड्यांचीच असे. ग्रंथालयाची वर्गणी मात्र बहुतेक घरांतून भरली जाई. दुपारी घरकाम उरकलेल्या बायका कादंबरी बदलायला जात आणि शाळेतून येणारी मुले त्यांच्यासाठी चिठ्ठीवर लिहून दिलेली पुस्तके घेऊन येत.

याच परिसरात गिरगावची खाद्यपरंपरा घडली. विश्वनाथ परशुराम बेडेकर यांनी १९१० मध्ये गिरगावात किराणा मालाचे दुकान काढले. कोकणातून आलेल्या कुटुंबांना गावाच्या चवीची लोणची, मसाले आणि पापड हवे असत आणि चाळीच्या खोलीत वर्षाचे वाळवण घालायला अंगण नव्हते. ही गरज ओळखून त्या दुकानातून तयार मसाले व लोणची विकली जाऊ लागली. बेडेकर हे नाव पुढे महाराष्ट्रभर आणि परदेशातल्या मराठी घरांत पोचले. पणशीकरांचे उपासाचे पदार्थ आणि मिठाया, विनय हेल्थ होमची मिसळ, ही गिरगावकरांची आणखी ठरलेली ठिकाणे. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांसाठी खाणावळी होत्या आणि घरगुती डबेही मिळत. अनेक विधवा बायकांनी असे डबे करून मुलांची शिक्षणे पुरी केली.

खोताची वाडी

शंकरशेट मार्ग आणि पटेल मार्ग यांच्या मध्ये खोताची वाडी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांच्याकडे ही जमीन होती. त्यांनी तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले आणि तिथे एक-दोन मजली घरांची वसाहत उभी राहिली. कौलारू उतरती छपरे, पुढे ओटा किंवा व्हरांडा, बाहेरच्या बाजूने वर जाणारा लाकडी जिना, नक्षीदार कठडे आणि रंगवलेल्या खिडक्या ही या घरांची लक्षणे. बोळ इतका अरुंद की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते. बोळाच्या वळणावर क्रूस आहे. नाताळात वाडी कंदिलांनी उजळते आणि आसपासच्या चाळींतली मुले ख्रिस्तजन्माचा गोठा पाहायला येतात.

या वाडीत अनंताश्रम नावाची खाणावळ होती. गोव्या-मालवणकडच्या पद्धतीचे मासळीचे जेवण तिथे साध्या लाकडी टेबलांवर वाढले जाई. दुपारी रांग लागे. सोलकढी संपली की जेवण संपले असे समजायचे. ती खाणावळ आता बंद झाली आहे. खोताच्या वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास जुनी घरे होती. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. जमिनीचा भाव, वारसांमधल्या वाटण्या आणि लाकडी घर राखण्याचा खर्च या तीन कारणांनी घरे पडत गेली. उरलेल्या घरांचे रहिवासी वाडी टिकवण्यासाठी झटत आहेत.

वाडीतले बालपण

१९६०-७० च्या दशकांत गिरगावात वाढलेल्या मुलाचा दिवस दूधवाल्याच्या हाळीने आणि नळाच्या खळखळाटाने सुरू होई. सकाळी रॉकेलच्या स्टोचा आवाज सगळ्या गॅलरीभर असे. वडील साडेनऊच्या सुमारास कचेरीला निघत. मुले आर्यन, चिकित्सक अशा चालत पोचता येणाऱ्या शाळांत जात. आर्यन एज्युकेशन सोसायटी १८९७ मध्ये सुरू झाली आणि गिरगावातल्या कित्येक घरांतल्या तीन-तीन पिढ्या तिच्या शाळेत शिकल्या. मुलाचे प्रगतिपुस्तक घरी पोचण्याआधी निकाल वाडीत कळलेला असे, कारण वर्गातली अर्धी मुले त्याच जिन्याने वर जाणारी असत.

संध्याकाळ खेळाची. वाडीच्या मोकळ्या जागेत लगोरी, डबा ऐसपैस, विटीदांडू आणि गोट्या चालत. पण सगळ्यांत मोठे राज्य क्रिकेटचे होते. जागेच्या बेताने त्याचे नियम बनत. चेंडू पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर बाद, भिंतीला लागून एका हाताने झेलला तरी बाद, आणि ज्यांच्या घरात आजारी माणूस असेल त्यांच्या बाजूला फटका मारायचा नाही. शेवटचा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो प्रत्येक मूल पाळत असे. संक्रांतीच्या सुमारास सगळा खेळ गच्चीवर जाई आणि पतंगांच्या मांज्याने बोटे कापून निघत. पावसाळ्यात वाडीत घोटाभर पाणी साचे. तेव्हा कागदी होड्या सोडायच्या आणि गॅलरीत पत्ते किंवा व्यापार खेळायचा.

मुलांवर हक्क वाडीतल्या सगळ्या मोठ्यांचा होता. शेजारच्या काकूंनी जेवायला वाढावे आणि समोरच्या आजोबांनी पाढे म्हणून घ्यावेत, यात कोणाला वेगळे वाटत नसे. सामाईक जिन्यावर वाद होत, पाण्यावरून भांडणे होत, दोन घरांत महिनोन्‌महिने अबोला राही. तरीही मध्यरात्री कोणाच्या छातीत दुखू लागले की त्याच अबोल्यातल्या घरचा मुलगा डॉक्टरांना बोलवायला धावे. खासगीपण या वस्तीत फार थोडे होते. सुनांना आणि अभ्यास करणाऱ्या मुलींना त्याचा त्रास सोसावा लागे, आणि चाळीच्या आठवणी काढताना ही बाजू विसरणे योग्य नाही. घरातली बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत मोरी आणि शेगडी यांच्यामध्ये वाकलेली असे. तिच्या कष्टांवर वाडीचे मोकळे जगणे उभे होते.

३१ मार्च १९६४ रोजी मुंबईतली शेवटची ट्राम धावली. मे १८७४ मध्ये घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ट्रामने सुरू झालेली ही वाहतूक १९०७ मध्ये विजेवर आली होती. गिरगाव रोडवरून जाणारी ट्राम मुलांच्या दृष्टीने फार मोलाची होती, कारण थोड्या पैशांत ती शहर दाखवी. मे महिन्याच्या सुटीत बहुतेक बिऱ्हाडे गावी जात. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने किंवा एस.टी.ने कोकण गाठायचे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आंबे, फणसाची साटे, कोकमे आणि कुळथाचे पीठ घेऊन परतायचे. ते सामान वाडीत सगळ्या घरी वाटले जाई.

उत्सवांची भूमी

सार्वजनिक गणेशोत्सव मुंबईत रुजला तो गिरगावच्या चाळींत. खाडिलकर मार्गावरच्या केशवजी नाईक चाळींत १८९३ मध्ये हा उत्सव सुरू झाला आणि तो आजवर अखंड चालू आहे. १९०१ मध्ये लोकमान्य टिळकांनी तिथे भेट दिली होती. या चाळींची मूर्ती आजही लहान असते, उत्सव साधा असतो, मूर्ती पालखीतून येते आणि पालखीतूनच विसर्जनाला जाते. मोठ्या मंडपांच्या आणि उंच मूर्तींच्या काळात हा साधेपणा जपणे सोपे नाही. रहिवाशांनी तो निश्चयाने जपला आहे.

उत्सवाचे दहा दिवस म्हणजे वाडीतल्या मुलांची शाळाच होती. मेळ्यात गाणे, नाटकात काम, वक्तृत्व स्पर्धा, वर्गणी गोळा करून तिचा हिशेब देणे, हे सगळे मुले तिथे शिकत. मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटांत नाव काढलेल्या कितीतरी कलावंतांनी पहिले पाऊल चाळीच्या गणपतीसमोरच्या लाकडी फळ्यांवर टाकले. विसर्जनाच्या दिवशी शहरातल्या मिरवणुका गिरगावातून चौपाटीकडे जातात. गॅलऱ्यांचे कठडे माणसांनी भरतात, दूरच्या उपनगरांत गेलेले नातेवाईक त्या दिवशी जुन्या घरी येतात. दिवाळीत मातीचे किल्ले आणि एकाच रंगाचे कंदील, गोकुळाष्टमीला वाडीवाडीतल्या हंड्या, आणि अलीकडच्या काळात गुढीपाडव्याला फडके गणपती मंदिरापासून निघणारी शोभायात्रा, असे गिरगावचे वर्ष सणांनी भरलेले असते.

नाटक, सिनेमा आणि छापखाने

चर्नी रोड स्थानकाजवळच्या केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ आहे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला डॉ. अमृत नारायण भालेराव यांनी नाटकाचे वेड लावले. बोलपटांमुळे मराठी नाटक डबघाईला आले असताना संघाने नाट्यमहोत्सव भरवून प्रेक्षक परत मिळवला. १९६४ मध्ये संघाचे स्वतःचे नाट्यगृह उभे राहिले आणि त्याला डॉ. भालेरावांचे नाव देण्यात आले. वाडीतली मुले इथल्या तालमी खिडकीतून पाहत मोठी झाली.

भारतीय चित्रपटाचे आरंभीचे टप्पेही याच भागातले. दादासाहेब फाळके यांनी १९११ मध्ये गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि रामकृष्णांच्या कथा पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. आज मॅजेस्टिकच्या जागी बाजारसंकुल आहे. मॅजेस्टिक बुक डेपोच्या नावात ते चित्रपटगृह अजून उरले आहे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात गिरगावच्या खटाववाडीला वेगळे स्थान आहे. गोरेगावकर लेनमधल्या या वाडीत मौज प्रकाशनगृह आणि त्यांचा छापखाना होता. 'सत्यकथा' हे मासिक १९३३ ते १९८२ या काळात इथून निघाले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली नवकथा आणि नवकविता या मासिकातून वाढली. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून तरुण लेखक हस्तलिखिते घेऊन खटाववाडीचा जिना चढत आणि संपादकांची सविस्तर चर्चा ऐकून पुनर्लेखनासाठी परत जात. खाडिलकर मार्गाचे नाव ज्यांच्यावरून पडले त्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ मध्ये 'नवाकाळ' सुरू केला आणि त्याची कचेरीही गिरगावातच राहिली. लेखक, मुद्रक, प्रकाशक, विक्रेता आणि वाचक पायी चालत एकमेकांना भेटू शकतील इतक्या अंतरात राहत होते. मराठी साहित्याला हे भाग्य दुसऱ्या ठिकाणी क्वचितच लाभले.

प्रार्थना समाज ते चौपाटी

पटेल मार्गाने उत्तरेला गेले की प्रार्थना समाजाचा चौक लागतो. बसचा थांबा म्हणून हे नाव रोज हजारो लोक घेतात. त्यामागची संस्था १८६७ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर तिच्यात आले आणि १८७४ मध्ये गिरगावात समाजाचे मंदिर उभे राहिले. मूर्तीविना एकेश्वराची उपासना, जातिभेदाला विरोध, स्त्रीशिक्षण, विधवाविवाह आणि कामगारांसाठी रात्रशाळा हे तिचे कार्य.

चौकातून जाणारा सँडहर्स्ट रोड, आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हा प्लेगच्या साथीनंतरच्या नगररचनेचा भाग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा रुग्ण आढळला आणि साथ शहरभर पसरली. कोंदट वस्त्यांत समुद्राचा वारा यावा म्हणून १८९८ मध्ये नगरसुधारणा मंडळ नेमले गेले आणि चौपाटीच्या बाजूने पूर्वेकडे रुंद रस्ते काढण्यात आले.

पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन ही विधवांची शाळा सुरू केली. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. त्याच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. चर्नी रोड स्थानकापुढच्या जुन्या क्वीन्स रोडला आज महर्षी कर्वे यांचेच नाव आहे.

गिरगाव चौपाटीच्या वाळूवर देशाच्या आणि महाराष्ट्राच्या इतिहासातले मोठे प्रसंग घडले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे सरदारगृहात निधन झाले आणि अफाट जनसमुदायाच्या साक्षीने चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी त्यांचा पुतळा आहे. १९३० च्या सत्याग्रहात इथे मीठ तयार झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २० नोव्हेंबर १९५५ ची चौपाटीवरची काँग्रेस नेत्यांची सभा लोकांनी उधळली आणि जानेवारी १९५६ मध्ये गिरगाव-ठाकूरद्वारच्या रस्त्यांवर गोळीबार झाला. त्या वेळी चाळींच्या गॅलऱ्यांतून जखमींसाठी पाण्याचे तांबे खाली येत होते, असे वाडीतली वडीलधारी माणसे मुलांना सांगत. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले.

आजचे गिरगाव

गिरगावच्या आजच्या स्थितीचे मूळ भाडेकायद्यात आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. पण दशके उलटली तरी भाडे तेवढेच राहिले, मालकांनी डागडुजी सोडली, पागडीने जागा हस्तांतरित होऊ लागल्या आणि सागवानी तुळया कुजू लागल्या. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आले. उपकर घेऊन दुरुस्ती करण्याची ही व्यवस्था १९७७ मध्ये म्हाडाकडे गेली. टेकू लावलेल्या गॅलऱ्या हे गिरगावचे नेहमीचे दृश्य झाले.

दरम्यान कुटुंबे वाढली. मुलांची लग्ने झाली आणि दोन खोल्यांत दुसरा संसार मावेना. १९६०-७० पासून एकेक बिऱ्हाड पार्ले, बोरिवली, ठाणे, डोंबिवलीकडे निघाले. नंतर पुनर्विकास आला. जुन्या चाळी पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या. मूळ रहिवाशांना स्वतःचे संडास-न्हाणीघर असलेली, पक्की, हवेशीर घरे मिळाली. ज्या बाईने आयुष्यभर सामाईक नळावर पाणी भरले तिला उतारवयात घरात पाणी मिळाले, हा लाभ लहान नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो गिरगाव व काळबादेवी स्थानकांसह कफ परेडपर्यंत सुरू झाली. तिच्या बांधकामासाठी इथल्या काही इमारती पाडाव्या लागल्या आणि त्यांतल्या रहिवाशांना पुनर्वसनासाठी झगडावे लागले. त्यांच्यासाठी गिरगावातच नव्या इमारती बांधण्याचे ठरले.

नव्या बांधणीत हरवते आहे ती मधली मोकळी जागा. वाडीच्या अंगणात आता गाड्या उभ्या राहतात, गॅलरीच्या जागी बंद दारांचा बोळ येतो. उत्सव, मेळे, ग्रंथालये, मासिके, सभा हे सगळे त्या सामाईक जागेतून निघाले होते, हे या भागाचा इतिहास स्पष्ट सांगतो. म्हणून पुनर्विकासाच्या प्रत्येक आराखड्यात मुलांना खेळता येईल आणि गणपती बसवता येईल एवढे अंगण असलेच पाहिजे, आणि ते गाड्यांना देता कामा नये. रहिवाशांनी सही करण्याआधी घराच्या चौरस फुटांबरोबर त्या अंगणाचेही मोजमाप मागावे. साहित्य संघ, ठाकूरद्वारचे ग्रंथालय, प्रार्थना समाजाचे मंदिर आणि खोताच्या वाडीतली उरलेली घरे या वास्तूंना शासनाने व महापालिकेने सढळ हाताने मदत करावी. गिरगाव सोडून गेलेल्यांनी आपल्या मुला-नातवंडांना विसर्जनाच्या गर्दीखेरीज एखाद्या साध्या दिवशी इथे आणावे, ठाकूरद्वारपासून चौपाटीपर्यंत पायी चालवावे आणि वाटेत प्रत्येक वाडीत शिरून तिथला इतिहास सांगावा.